एक छावणी, तीन अनुभवविश्वे : वळिवडे-उचगाव परिसर आणि अनुभवाच्या घडणीचा प्रश्न

१

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, उचगाव आणि वळिवडे या गावांच्या शिवाराला लागून गांधीनगर ही वसाहत आहे. घाऊक कापडबाजार म्हणून ती आज पश्चिम महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. या जागेला मात्र आणखी एक पूर्वेतिहास आहे. १९४३ ते १९४८ या काळात दुसऱ्या महायुद्धाने देशोधडीला लावलेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक येथील छावणीत राहत होते. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. त्यांच्यामागून फाळणीमुळे सिंध सोडून आलेल्या कुटुंबांची वस्ती याच जागी झाली आणि छावणीचे गांधीनगर झाले. या दोन्ही स्थलांतरांच्या शेजारी उचगाव-वळिवड्याचा शेतकरी आपल्या जागीच होता. सात-आठ वर्षांच्या अवधीत एकाच भूमीवर तीन समूह वावरले. त्यांनी तेच ऊन, तोच पाऊस आणि तीच पंचगंगा अनुभवली. तरीही त्यांनी 'तेच' अनुभवले असे म्हणता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर नेहमी तयार असते. जशी ज्याची दृष्टी तसा त्याचा अनुभव, असे म्हणून विषय संपवता येतो. मराठी वाचकाला या उत्तराची ओळख महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'तील जात्यंध आणि हत्ती यांच्या दृष्टांतापासून आहे. प्रत्येक आंधळ्याच्या हाती हत्तीचा एकेक अवयव लागतो आणि प्रत्येक जण त्या अवयवालाच हत्ती समजतो. परंतु या दृष्टांताची मांडणी एका गृहीतकावर उभी आहे. सबंध हत्ती पाहणारा कोणी डोळस दृष्टांतात अभिप्रेत असतो आणि त्याच्या ज्ञानाच्या आधारेच आंधळ्यांचे ज्ञान अपुरे ठरते. अध्यात्माच्या क्षेत्रात असा डोळस मानता येतो. इतिहासाच्या क्षेत्रात तसा कोणी नसतो. वळिवड्याच्या छावणीचा 'संपूर्ण हत्ती' पाहिलेला साक्षीदार कधीच अस्तित्वात नव्हता. सरकारी कागदपत्रे हीसुद्धा एका विशिष्ट जागेवरून केलेली पाहणीच होय. म्हणून येथे प्रश्न अपुऱ्या ज्ञानाचा राहत नाही. अनुभव मुळात कशाने घडतो, असा तो होतो.

भारतीय ज्ञानमीमांसेत या प्रश्नाचा विचार सूक्ष्मपणे झालेला आहे. न्यायदर्शन प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार मानते. पहिल्यात वस्तूचे केवळ भान असते. दुसऱ्यात नाम, जाती, गुण इत्यादी विशेषणांसह 'हे अमुक आहे' असे ज्ञान होते. सांगता येण्याजोगा, आठवता येण्याजोगा अनुभव हा नेहमी सविकल्पक असतो. म्हणजेच तो येताना भाषेची आणि पूर्वसंस्कारांची सोबत घेऊन येतो. अभिनवगुप्ताने रसास्वादासाठी वासनारूप संस्कारांची आवश्यकता मानली, त्यामागेही हेच सूत्र आहे. आधुनिक पाश्चात्त्य विचारात हान्स-गेऑर्ग गाडामर यांनी १९६० मध्ये पूर्वग्रहाकडे आकलनाचा अडसर म्हणून न पाहता आकलनाची पूर्वअट म्हणून पाहिले. जोन स्कॉट यांनी १९९१ मध्ये असा आग्रह धरला की इतिहासकाराने अनुभवाला अंतिम पुरावा मानू नये. तो अनुभव कसा शक्य झाला याचेच स्पष्टीकरण त्याने द्यावे. वळिवड्याच्या छावणीचा इतिहास हा या आग्रहाची कसोटी पाहणारा आहे.

२

प्रथम पोलिश निर्वासितांचा विचार करू. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना १९४० आणि १९४१ या वर्षांत सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियाच्या जंगलांत हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यावर ३० जुलै १९४१ रोजी सिकोर्स्की-मायस्की करार झाला आणि या माणसांची सुटका शक्य झाली. जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये त्यांतील काही इराणात पोहोचले. तेथून मुले, स्त्रिया आणि वृद्ध यांची पांगापांग पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान अशा चहू दिशांना झाली. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. कुटुंबांसाठीची मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे उभी राहिली. तिच्या खर्चाची जबाबदारी लंडनमधील परागंदा पोलिश सरकारकडे होती. लांबलचक बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह, बालवीरांची पथके अशी या वसाहतीची रचना होती.

या माणसांनी आपल्या वसाहतीला कोणत्या नावाने ओळखले, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी प्रशासनाच्या लेखी तो 'कॅम्प' होता. पोलिश लोकांनी त्यासाठी 'ओशेद्ले' म्हणजे वसाहत, वस्ती हा शब्द योजला. सोव्हिएत श्रमछावण्यांच्या वाटेने आलेल्या माणसाच्या मनात छावणी या शब्दाभोवती कोणते संस्कार साठलेले असणार, हे ध्यानात घेतले की या शब्दनिवडीचे मर्म उलगडते. बराक तिकडेही होती आणि इकडेही होती. तिकडच्या बराकीत बर्फ, भूक आणि पहारा होता. इकडच्या बराकीत दार आतून लावता येत होते आणि मूल शाळेत जात होते. वस्तू एकच असूनही तिचे सविकल्पक ज्ञान पालटले. पोलिश आठवणींत वळिवडे सुखाचे स्थळ म्हणून येते. त्या सुखाचे मोजमाप कोल्हापूरच्या हवामानाने होत नाही. ते सैबेरियाच्या हिवाळ्याने होते.

परंतु एवढ्यावर थांबणे योग्य ठरणार नाही, कारण 'पोलिश अनुभव' हाही एकजिनसी नाही. भारतात राहिलेल्या पोलिश लोकांच्या संघटनेने आपल्या आठवणी आणि कागदपत्रे यांचा मोठा ग्रंथ इ. स. २००० मध्ये पोलिश भाषेत आणि २००९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. अशा ग्रंथातून बोलणारी माणसे बहुतांशी छावणीच्या काळात मुले किंवा तरुण होती, आणि लिहिताना ती साठी-सत्तरीच्या घरात होती. त्यांच्या मातांचा अनुभव वेगळा असणे अपरिहार्य होते. मुलासाठी जो काळ शाळेचा, खेळाचा आणि नदीचा होता, तोच त्याच्या आईसाठी आघाडीवरील पतीच्या पत्राची वाट पाहण्याचा होता. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोच्या लढाईत आंडर्स यांचे सैन्य लढत होते, तेव्हा त्या सैन्यातील अनेकांची कुटुंबे अशाच दूरच्या वसाहतींत होती. मुलांनी लिहिले, मातांपैकी बहुतेकींचे शब्द मुलांच्या लेखनात विरघळून गेले. म्हणून आठवणींतील वळिवडे हे बालपणाच्या डोळ्यांनी पाहिलेले आणि वार्धक्याच्या भाषेत सांगितलेले वळिवडे आहे. या दोन टोकांच्या मधला प्रौढ स्वर क्षीण आहे.

काळाचा आणखी एक थर येथे विचारात घ्यावा लागतो. इतिहासमीमांसक राइनहार्ट कोसेलेक यांनी 'अनुभवाचा अवकाश' आणि 'अपेक्षेचे क्षितिज' अशी एक संकल्पनांची जोडी मांडली. माणूस वर्तमान क्षण जगतो तो भूतकाळाचे संचित आणि भविष्याची अपेक्षा यांच्या ताणात. १९४३ मध्ये वळिवड्यास आलेल्या पोलिश माणसाच्या क्षितिजावर परतीचे घर होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेने त्याच्या गावाचा प्रदेश सोव्हिएत संघाच्या पदरात टाकला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सा येथील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारचा आधार गेला. बराक तीच, ऊन तेच, शेजारीही तेच. परंतु कालपर्यंत जी जागा विसाव्याची होती ती आता परागंदा अवस्थेची पहिली पायरी झाली. पुढे बहुतेकांच्या वाटा ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा फुटल्या, काही पोलंडला परतले. अनुभवाची वस्तू जराही न बदलता केवळ क्षितिज बदलल्याने अनुभव कसा पालटतो, याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

३

दुसरा समूह सिंधी निर्वासितांचा. मराठीत 'निर्वासित' हा एकच शब्द पोलिश आणि सिंधी अशा दोन्ही समूहांना लावला जातो. या शब्दसाम्यामुळे दोन अनुभवांतील भेद झाकला जातो. पोलिश माणूस परक्या राज्यात पाहुणा होता. त्याचे नागरिकत्व, त्याचे सरकार, त्याचे सैन्य इतरत्र होते. सिंधी माणूस मात्र आपल्याच देशात येत होता, आणि तरीही त्याची भाषा, लिपी आणि भूमी यांपैकी काहीही त्याच्या नव्या प्रदेशाशी जुळत नव्हते. पंजाबी आणि बंगाली निर्वासितांच्या वाट्याला निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत भारतात आला. सिंध मात्र सबंधच पलीकडे राहिला. परतीचे क्षितिज हळूहळू मिटत गेले तशी छावणी ही तात्पुरती जागा न राहता पायाची जागा झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, त्याच न्यायाने वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. पोलिश वसाहतीने शाळा आणि नाट्यगृह यांतून गमावलेल्या पोलंडची प्रतिकृती जपली. सिंधी वसाहतीने दुकान उघडले. एकीकडे जपणूक, दुसरीकडे उभारणी असा हा भेद आहे. त्याचा उगम दोन समाजांच्या तथाकथित स्वभावात शोधणे चुकीचे ठरेल. तो त्यांच्या अपेक्षेच्या क्षितिजात आहे. ज्याला परत जायचे आहे तो स्मृतीत गुंतवणूक करतो. ज्याला परत जाता येणार नाही तो बाजारात करतो.

गांधीनगर या नावालाही अर्थ आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली आणि तीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही भस्मसात झाला. पोलिश लोक निघून जाण्याचे आणि हा वणवा पेटण्याचे दिवस जवळपास एकच आहेत. कोल्हापूरच्या एका समाजघटकाला त्या वर्षी आपलेच शहर परके झाले आणि त्याच वर्षाच्या आसपास एका परक्या समाजाला ते आपले करावे लागले. अशा शहराच्या वेशीवरील निर्वासितांच्या वस्तीला गांधीजींचे नाव असणे ही गोष्ट केवळ नामकरणाची उरत नाही.

४

तिसरा समूह स्थानिकांचा. येथे विवेचनाची अडचण सुरू होते आणि साहित्यसमीक्षेचे खरे कामही येथेच सुरू होते. पोलिश अनुभवाला ग्रंथ मिळाला, सिंधी अनुभवाला नगर मिळाले. उचगाव-वळिवड्याच्या शेतकऱ्याच्या अनुभवाला कोणता आकार मिळाला?

या अनुभवाची चौकट तरी निश्चित करता येते. छावणी आली ती १९४३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी 'छोडो भारत' आंदोलनाने कोल्हापूर संस्थान ढवळून निघाले होते. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदींच्या नेतृत्वाखाली प्रजापरिषदेची चळवळ १९३९ पासून उभी होती. सप्टेंबर १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे यांनी कोल्हापुरातील गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याची विटंबना करून सत्तेला आव्हान दिले. युद्धामुळे धान्यटंचाई आणि महागाई होती. या चौकटीत ब्रिटिश सत्ता ही जुलमी सत्ता होती. पोलिश निर्वासिताच्या चौकटीत तीच सत्ता मित्र आणि आश्रयदाती होती. सोव्हिएत संघाच्या बाबतीत हे चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. १९४१ नंतर हिंदी कम्युनिस्टांच्या दृष्टीने युद्ध 'लोकयुद्ध' झाले होते आणि सोव्हिएत भूमी ही श्रमिकांची आशा होती. त्याच भूमीतून जीव वाचवून आलेली माणसे वळिवड्यात राहत होती. एका मैलाच्या परिघात युद्धाचे तीन अर्थ नांदत होते आणि त्यांच्यात संवाद होण्याजोगी सामायिक भाषा नव्हती.

खेड्याच्या दृष्टीने तर त्याहून मूलभूत असा एक पेच होता. त्या काळच्या ग्रामीण मराठीत गोरा माणूस म्हणजे 'साहेब'. गोरेपणा, सत्ता आणि संपत्ती हे तीन गुण या एका शब्दात एकवटले होते. वळिवड्याच्या छावणीने या शब्दाची मोडतोड केली. येथे गोऱ्या बाया स्वतःची धुणी धूत होत्या, गोरी पोरे अनवाणी हिंडत होती, आणि या गोऱ्यांना स्वतःचा देशच उरला नव्हता. नैयायिकांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे निर्विकल्पक भान होते. ते ज्यात बसावे असे विशेषण मात्र भाषेत नव्हते. 'साहेब' म्हणावे तर सत्ता नाही, 'गरीब' म्हणावे तर कातडी गोरी. पाच हजारांची वस्ती ही परिसरातील बहुतेक खेड्यांहून मोठी बाजारपेठ होती. त्यामुळे व्यवहार होत होता आणि व्यवहारापुरती भाषाही घडत होती. पण व्यवहाराची भाषा अनुभवाला स्मृतीत टिकवू शकते असे नाही. अनुभव टिकण्यासाठी कथनाचा एखादा घाट हाताशी असावा लागतो.

५

असा घाट तत्कालीन मराठी साहित्यात नव्हता काय? एका अर्थाने होता, आणि तो छावणीच्या आधीच तयार झाला होता. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस या मराठी तरुणाची हॅर्टा या जर्मन ज्यू निर्वासित स्त्रीशी गाठ पडते. युरोपीय निर्वासिताचा अनुभव मराठी कादंबरीने अशा रीतीने प्रत्यक्ष घटनेच्या चार वर्षे अगोदर कल्पिला होता. या कादंबरीतील विशेष असा, की चक्रधर हॅर्टाला प्रथम पाहतो तेव्हा तिची शोकांतिका पाहतच नाही. उमाने केलेला प्रेमभंग त्याच्या मनात ठसठसत आहे आणि त्या जखमेतूनच तो स्त्रीमात्राकडे पाहतो आहे. एका खंडाचा विनाश त्याच्यासमोर उभा असताना त्याची दृष्टी स्वतःच्या दुखावलेल्या अहंकाराने व्यापलेली आहे. हॅर्टाच्या पत्रांतून तिचा स्वतःचा स्वर येतो तेव्हा चक्रधरच्या पाहण्याची मर्यादा वाचकाला उमगते. मुंबईत चक्रधर उतरतो. हॅर्टा उतरू शकत नाही. मराठी साहित्यात युरोपीय निर्वासित स्त्री बोटीवरच राहिली. जिला उतरता आले ती कोल्हापूरजवळ पाच वर्षे राहिली, परंतु मराठी कादंबरीच्या परंपरेत तिला हॅर्टासारखे स्थान मिळाले नाही.

याचे कारण लेखकांच्या उदासीनतेत शोधणे अन्यायाचे होईल. वि. स. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात होते. १९४२ च्या 'क्रौंचवधा'नंतर त्यांची कादंबरी थांबली ती थेट १९५४ च्या 'अश्रू'पर्यंत. छावणीची सारी वर्षे या मौनात येतात. नवकथेचा आणि ग्रामीण कथेचा उदय छावणी उठण्याच्या सुमाराचा आणि त्यानंतरचा. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील १९२६ साली जन्मले. छावणी आली तेव्हा ते ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या पिढीने ग्रामीण जीवनाला प्रथमच आतून पाहण्याचे साहित्यिक बळ दिले. परंतु 'आतून पाहणे' हाच या कथेचा पराक्रम होता आणि त्यातच तिच्या दृष्टीची सीमाही होती. गावातील माणसांचे परस्परसंबंध, त्यांची बोली आणि त्यांचा बेरकीपणा हे तिचे केंद्र होते. वेशीवरचा परका तिच्या केंद्रात सहजासहजी येणार नव्हता. १९५९ च्या 'ययाती'त खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वतःच्या मुखाने बोलू दिले. १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी हेच तंत्र आणखी विस्तारले. एकच घटना अनेक दृष्टींतून सांगण्याची किमया कोल्हापूरच्या मातीतील कादंबरीने साध्य केली. मात्र ती महाभारताच्या आशयावर. त्याच मातीत घडलेल्या बहुदृष्टींच्या समकालीन प्रसंगापर्यंत ती पोहोचली नाही.

येथे मर्ढेकरांच्या 'आत्मनिष्ठे'च्या संकल्पनेची मर्यादा स्पष्ट होते. लेखकाने आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती अनुभव आधीच सिद्ध आहे असे धरून चालते. ज्या अनुभवाला भाषेत नाम मिळाले नाही, त्याच्याशी निष्ठा राखायची तरी कशी? प्रामाणिकपणाचा प्रश्न उद्भवण्यापूर्वी अनुभवाच्या उपलब्धतेचा प्रश्न उद्भवतो. तो व्यक्तीच्या मनाचा जितका, तितकाच समाजाच्या भाषेचा आणि वाङ्मयप्रकारांचा आहे.

६

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. गेल्या काही वर्षांत वळिवड्याच्या छावणीला सार्वजनिक स्मृतीत मोठे स्थान मिळाले आहे. २०१९ मध्ये पोलिश शिष्टमंडळ कोल्हापुरात आले. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला पुष्पांजली वाहिली. ही कृतज्ञता खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि स्मारकाला एकच कथा पेलते. ती कथा आश्रयाची आणि आतिथ्याची आहे. तीत पोलिश मूल आणि उदार संस्थान एवढीच पात्रे उरतात. आईची प्रतीक्षा, लंडनच्या सरकारचा खर्च, १९४५ चा विश्वासघात, प्रजापरिषदेचा कार्यकर्ता, सिंधी दुकानदार आणि उचगावचा शेतकरी ही सारी त्या कथेच्या बाहेर राहतात. पोलिश आठवणी खऱ्या असल्या तरी त्यांनाच छावणीचा इतिहास मानणे म्हणजे एका समूहाच्या क्षितिजाला सर्वांचे आकाश मानणे होय. उलट बाजूने, 'प्रत्येकाचे सत्य वेगळे' असे म्हणून मोकळे होणेही तितकेच सदोष आहे, कारण त्या सापेक्षतावादात कोणाला बोलण्याचे साधन मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, हा विषमतेचा मुद्दा पुसला जातो.

दृष्टी अनुभवाला घडवते, हे वळिवड्याच्या इतिहासातून निःसंशय दिसते. पण दृष्टी ही व्यक्तीची खासगी मालमत्ता नसते. ती पूर्वसंचिताने, अपेक्षेच्या क्षितिजाने आणि हाताशी असलेल्या कथनघाटांनी बनते. सैबेरियाने पोलिश माणसाला बराकीत घर पाहायला शिकवले, सिंध गमावल्याने सिंधी माणसाला त्याच बराकीत पेढीचा पाया दिसला, आणि 'साहेब' या एका शब्दाने गावकऱ्याला समोरच्या माणसासाठी नावच मिळू दिले नाही. समीक्षकाने आणि साहित्येतिहासकाराने या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. उचगाव-वळिवड्याचे मौन हा अनुभवाचा अभाव मानता येणार नाही. तो एका विशिष्ट काळातील मराठी भाषेच्या आणि वाङ्मयप्रकारांच्या आवाक्याचा पुरावा आहे. मराठी कादंबरीचा इतिहास लिहिताना तिने काय सांगितले याच्या जोडीला, तिच्या वेशीवर पाच वर्षे उभे असलेले काय तिला सांगता आले नाही, याचीही नोंद आवश्यक ठरते.